वाचकांचे प्रश्न : शिमेलबाईंविषयी तुम्ही विचारलंत

गेल्या अंकात मी जर्मन विदुषी ॲनमारी शिमेल (१९२२–२००३) यांच्यावर एक छोटा लेख लिहिला होता. इस्लाम, आणि त्यातही सूफी कविता, हा त्यांच्या आयुष्यभराचा अभ्यास. त्या लेखावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत. पुण्यात फारसी शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली आणि त्या सगळ्या काळात शिमेलबाईंची पुस्तकं हाताशी असायची. मला त्यांच्याविषयी माया आहे हे आधीच सांगते. जिथे त्यांचं काही टोचलं, तिथे तसंच लिहिलं आहे.

लातूर : बाई, मी एमए करते. घरात कोणी मुसलमान नाही, कोणी प्राध्यापक नाही, गावही लहान, अशा जर्मन मुलीला अरबी शिकावंसं का वाटलं असेल?

अगं, एका गोष्टीमुळे. शब्दशः एका गोष्टीमुळे.

एर्फुर्टमध्ये ७ एप्रिल १९२२ ला त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचं हे एकुलतं एक मूल. वडील पोस्टखात्यात, पण घरात कविता मोठ्याने वाचायची सवय. सात वर्षांची असताना या मुलीच्या हाती एक परीकथा पडली. दमास्कसमधला हसन नावाचा एक मुलगा, आणि हिंदुस्थानातून तिथे आलेला एक साधू. साधूचं नाव पद्मनाभ. तो हसनला जमिनीखालच्या एका दालनात घेऊन जातो. तिथे जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाची रत्नजडित शवपेटी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं : ‘माणसं झोपलेली असतात, मेल्यावर जागी होतात.’ हे वाक्य वाचलं आणि आपली वाट ठरली, असं बाईंनी पुढे सांगितलं आहे. हे वचन पैगंबरांचं म्हणून सूफी लोक शतकानुशतकं सांगत आले आहेत, हे त्यांना कळलं त्यानंतर दहाएक वर्षांनी. आज बॉनमध्ये त्यांच्या कबरीवर तेच कोरलेलं आहे.

पंधराव्या वर्षी अरबी शिकवणारे गुरुजी मिळाले. शाळेत वर्ग ओलांडत ओलांडत सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा झाली. मग त्या काळच्या नियमाप्रमाणे सक्तीची श्रमसेवा, आणि १९३९ मध्ये बर्लिन विद्यापीठ. तिथे हान्स हाइनरिश शेडर यांनी त्यांना रूमीकडे वळवलं, एर्न्स्ट क्यूनेल यांनी इस्लामी कला दाखवली. नोव्हेंबर १९४१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळाली. विषय अगदी रुक्ष वाटावा असा : मामलुक सुलतानांच्या काळाच्या अखेरीस इजिप्तमधले खलिफा आणि काझी.

तू पुढे लिहिलं आहेस की ‘फारसी शिकायची इच्छा आहे पण उपयोग काय असं घरचे विचारतात.’ घरच्यांना सांग, मराठ्यांच्या इतिहासाची ढीगभर कागदपत्रं फारसीत आहेत आणि ती वाचणारी माणसं फार थोडी उरली आहेत. ते पटलं नाही तरी शीक.

सांगली : मी निवृत्त शिक्षक आहे. १९३९ ते १९४५ या काळात बर्लिनमध्ये शिकणारी, नोकरी करणारी व्यक्ती नाझी राजवटीपासून अलिप्त कशी असेल? तुमच्या लेखात यावर एक ओळही नव्हती.

सर, अलिप्त नव्हत्या. डॉक्टरेट होताच त्या जर्मन परराष्ट्र खात्यात रुजू झाल्या आणि युद्ध संपेपर्यंत तिथे होत्या. काम तुर्की मजकुरांच्या भाषांतराचं. रिकाम्या वेळात त्या इब्न इयास या मामलुक इतिहासकाराच्या बखरीची सूची करत होत्या. ती सूची १९४५ मध्ये इस्तंबूलला छापली गेली.

तारखा शेजारी ठेवून बघितल्या की मन जड होतं. बर्लिनमधून ज्यूंना आगगाडीत घालून पूर्वेकडे पाठवायला सुरुवात झाली ऑक्टोबर १९४१ मध्ये. बाईंची डॉक्टरेट आणि नोकरी पुढच्याच महिन्यातली. आणखी एक गोष्ट. शेडर यांच्याच हाताखाली १९३५ मध्ये फ्रान्झ रोझेनथाल नावाच्या तरुणाने डॉक्टरेट केली होती. तो ज्यू. १९३८ च्या अखेरीस त्याला देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत त्याने इब्न खल्दून या अरब इतिहासकाराचा ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ इंग्रजीत आणला, तीन खंडांत. गुरू एक, विद्यापीठ एक. एका विद्यार्थ्याला ते सोडून पळावं लागलं आणि नंतर वर्षभरात दुसरी विद्यार्थिनी तिथे दाखल झाली. शिमेलबाईंनी कुणाचा छळ केला असा आरोप त्यांच्यावर नाही. त्यांनी राजवटीला विरोध केला असंही नाही. त्या हस्तलिखितांत शिरून बसल्या. सतरा ते तेवीस या वयात तसं करणाऱ्या मुलीवर खटला भरायला मी बसणार नाही, पण त्या वर्षांच्या त्यांच्या आठवणींत ग्रंथालय जेवढं ठसठशीत दिसतं तेवढा बाहेरचा रस्ता दिसत नाही, हे मला जाणवतं आणि तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत.

युद्ध संपताना अमेरिकनांनी इतर कर्मचाऱ्यांबरोबर त्यांनाही ताब्यात घेतलं आणि मारबुर्गला काही महिने स्थानबद्ध ठेवलं. त्याच मारबुर्गच्या विद्यापीठाला अरबी शिकवणारं माणूस हवं होतं. १२ जानेवारी १९४६ ला तेवीस वर्षांच्या शिमेलबाईंनी तिथे पहिलं व्याख्यान दिलं.

मिरज : त्यांनी इस्लाम स्वीकारला होता का? आमच्याकडे दोन्ही बाजूंचे लोक ठामपणे सांगतात.

नाही. त्या लूथरपंथी ख्रिस्ती घरात जन्मल्या आणि त्यांनी धर्मांतर केलं नाही. त्यांच्या लिखाणातली आपुलकी पाहून मुसलमान वाचकांना त्या आपल्याच वाटत आणि काही युरोपियनांना त्या फितूर वाटत.

याहून मला मोलाची वाटते ती अंकाऱ्याची हकिकत. १९५४ मध्ये अंकारा विद्यापीठाच्या इलाहियात विभागाने, म्हणजे जिथे उद्याचे इमाम आणि धर्मशिक्षक घडतात तिथे, धर्मांच्या इतिहासाच्या अध्यापनासाठी त्यांना बोलावलं. वय बत्तीस, स्त्री, परदेशी आणि ख्रिस्ती. पाच वर्षं त्यांनी तिथे तुर्कीतून शिकवलं. पाठ्यपुस्तकही तुर्कीत लिहिलं. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात नेमका फरक काय, हे तुर्की मुसलमान मुलांना तुर्कीत समजावून सांगायचं म्हणजे स्वतःचा धर्मही बाहेरून बघायची वेळ. आणि याच बाईंना त्यांच्या मायदेशी ऐकून घ्यावं लागलं होतं, ‘मिस शिमेल, तुम्ही पुरुष असतात तर तुम्हाला अध्यासन मिळालं असतं!’ मुसलमान देशांत बायकांना विद्येत जागा नाही असं सरसकट बोलणाऱ्यांना त्या पुढे ही गोष्ट सांगत. मीही सांगते.

नागपूर : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोज सकाळी रूमीचं एक वचन फोनवर येतं. तेवढ्यावरून मला रूमी आवडायला लागला. शिमेल यांचा रूमी आणि हा रूमी एकच का?

माणूस एकच, पण तुमच्या फोनवर येतो त्याचा मुसलमानपणा बहुतेक वेळा काढून टाकलेला असतो. जलालुद्दीन रूमी (१२०७–१२७३) हे कोन्यामधले मौलवी होते, धर्मशास्त्र शिकवणारे. त्यांची ‘मसनवी’ पंचवीस हजारांहून अधिक द्विपद्यांची. ती कुराणाच्या आयतींनी आणि पैगंबरांच्या गोष्टींनी इतकी विणलेली आहे की तो धागा ओढला तर कापड हातात राहत नाही. शिमेलबाईंनी हे आयुष्यभर ठासून सांगितलं. १९७८ मध्ये रूमीवरचं त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी एक वेगळंच काम केलं. रूमीच्या कवितेत सूर्य किती रूपांनी येतो, पाणी कसं येतं, बाग, पशुपक्षी, मुलं, विणकर, अक्षरं, आणि हो, स्वयंपाकघर, हे एकेक घेऊन बसल्या.

स्वयंपाकघरावर थोडं थांबते. मसनवीच्या तिसऱ्या दफ्तरात, म्हणजे भागात, हरभऱ्याची गोष्ट आहे. उकळत्या भांड्यात हरभरा वर उसळी मारतो आणि शिजवणाऱ्या बाईला म्हणतो, मला विकत आणलंस ते असं जाळायला का? बाई त्याला पळीने खाली दाबते आणि म्हणते, मी तुझा राग म्हणून तुला उकळत नाही. तुला चव यावी, तू अन्न व्हावंस, कुणाच्या तरी प्राणात मिसळावंस म्हणून उकळते. बागेत पाणी पीत होतास ना, ते या आगीसाठीच होतं. फोनवरच्या एका ओळीत ‘दुःखातून माणूस घडतो’ एवढंच उरेल. भांडं, पळी, ती बाई आणि हरभऱ्याचं रडगाणं गेलं की रूमी गेलाच. शिमेलबाईंकडून मी हे शिकले की कवीचा विचार शोधायला निघायच्या आधी त्याच्या घरातली भांडी मोजावीत. माझ्या विद्यार्थ्यांकडूनही मी तेच करून घ्यायची.

कोन्याची एक हकिकत तुम्हाला आवडेल. १९२५ मध्ये तुर्कस्तानात दर्विशांचे, म्हणजे सूफी फकिरांचे, मठ कायद्याने बंद झाले. १९५४ च्या डिसेंबरात, रूमीच्या पुण्यतिथीला, तिथे पहिल्यांदा पुन्हा जाहीर समा, म्हणजे दर्विशांचा गिरक्यांचा फेर, झाला. २९ वर्षं एकत्र फेर न धरलेले म्हातारे दर्विश जमले होते. शिमेलबाईंना तिथे भाषणासाठी बोलावलं होतं. पुस्तकात जन्मभर वाचलेलं त्यांच्या डोळ्यांसमोर फिरत होतं.

उल्हासनगर : माझे आजेसासरे सिंधमधून कल्याण कॅम्पात आले. त्यांना शाह लतीफ पाठ होते. आता घरात सिंधी बोलणारी मीच शेवटची. एका जर्मन बाईने आमच्या कवीवर लिहिलं हे तुमच्या लेखातून कळलं. अजून सांगाल का?

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सांगते.

शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२), भिटशाहचे. त्यांचा ‘रिसालो’ सुरांमध्ये, म्हणजे रागनावांच्या अध्यायांमध्ये मांडलेला आहे. तो छापून पहिल्यांदा आला तो जर्मनीत, लाइपझिगला, १८६६ मध्ये. छापणारे एर्न्स्ट ट्रुम्प नावाचे मिशनरी. सिंधी भाषेचं व्याकरणही त्यांनी लिहिलं. त्यांची मेहनत अफाट, पण ज्या लोकांची भाषा शिकले त्यांच्याविषयी मनात ओलावा नव्हता. शिमेलबाईंनी ट्रुम्पवर एक पुस्तिका लिहिली आहे. १९५८ मध्ये त्या पहिल्यांदा पाकिस्तानात आल्या आणि पुढे सिंधीत शिरल्या. १९७६ मध्ये दिल्लीचे ख्वाजा मीर दर्द आणि सिंधचे शाह लतीफ या दोघांवर मिळून त्यांचं पुस्तक आलं. ट्रुम्पने जिथे व्याकरणाची रूपं पाहिली तिथे बाईंनी सस्सुई पाहिली.

सस्सुई तुम्हाला माहीतच आहे. झोपेत असताना तिचा पुन्हूं उंटांवरून नेला जातो, आणि ती अनवाणी डोंगर-वाळवंट तुडवत त्याच्यामागे जाते. मारुई उमरच्या किल्ल्यात कैदेत असते, रेशीम नाकारते, आपल्या गावच्या फाटक्या ओढणीसाठी झुरते. सोहनी कच्च्या मडक्यावर नदीत उतरते. शिमेलबाईंचा मुद्दा असा : अरबी-फारसी सूफी कवितेत आशिक सहसा पुरुष असतो. सिंध-पंजाबात आल्यावर मात्र जीवात्मा बाई होतो. देवाकडे निघालेला जीव म्हणजे सस्सुई. हे वळण या उपखंडाच्या मातीतलं आहे, विरहिणीच्या परंपरेतलं, असं त्या सांगतात. आम्हा मराठी वाचकांना ज्ञानदेवांच्या विरहिणी ठाऊक आहेत, त्यामुळे हे समजायला वेळ लागत नाही. या विषयावर त्यांनी १९९५ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं, इस्लाममधल्या स्त्रीतत्त्वावर.

शाह लतीफांच्या सूर कापाइतीत सूत कातणारी बाई आहे, सूर सामुंडीत दर्यावर्दी नवऱ्याची वाट बघणारी, सूर रामकलीत हिंगलाजला निघालेले जोगी. जोग्यांची इतकी स्तुती मुसलमान कवीने केली म्हणून काही कर्मठ बिचकतात. शिमेलबाई बिचकल्या नाहीत. सिंधमधल्या थट्ट्याजवळच्या मकली टेकडीवर हजारो कबरींमध्ये आपल्यालाही जागा मिळावी असं त्या बोलून दाखवत. ते झालं नाही. पण त्यांच्या लिखाणात मकलीची ओढ जागोजागी आहे.

एक विनंती करते. तुमच्या आजेसासऱ्यांच्या ज्या ओळी तुम्हाला येतात त्या तुमच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. अर्थ सगळा लागत नसला तरी चालेल, आणि चाल बदलू नका. उल्हासनगरात अजून काही घरांत असे आवाज असतील. ते आहेत तोवर गोळा व्हायला हवेत.

सोलापूर : मी मुसलमान आहे, शिक्षक आहे. आमचा धर्म आम्हाला गोऱ्या लोकांनी समजावून का सांगावा? त्यांचा अभ्यास राज्य करण्यासाठीच होता ना?

बऱ्याच जणांचा होता. डच विद्वान स्नूक हुर्खरोन्ये १८८५ मध्ये अब्दुल गफ्फार नाव घेऊन मक्केत राहिला, शहराचं बारीक वर्णन लिहिलं, आणि पुढे सुमात्रातल्या आचेमध्ये डच सरकारला मुसलमानांचा बंड कसा मोडायचा याचा सल्ला दिला. तेव्हा तुमचा संशय हवेतला नाही. पण त्याच पिढीत हंगेरीचा ज्यू विद्वान इग्नाझ गोल्डझिहर कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकला आणि त्या दिवसांची आठवण आयुष्यभर जपत राहिला. हदीस, म्हणजे पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी वचनं, यांविषयीचे त्याचे निष्कर्ष तुम्हाला पटणार नाहीत, पण तो कुणाच्या सैन्यासाठी काम करत नव्हता.

शिमेलबाईंना हार्वर्डला बोलावण्यात विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांचा हात होता. हे कॅनडाचे, तरुणपणी लाहोरला शिकवलेले. त्यांनी एक कसोटी सांगितली होती : एखाद्या धर्माविषयी तुम्ही जे विधान करता ते त्या धर्माच्या माणसाला ‘हो, हे आमचं आहे’ असं मान्य करता आलं पाहिजे. शिमेलबाई या कसोटीला फार उतरतात. त्यांचं पैगंबरांवरचं पुस्तक घ्या. युद्धं, तह, राजकारण यांना त्यांनी बाजूला ठेवलं आणि विचारलं, सामान्य मुसलमान पैगंबरांवर प्रेम कसं करतो? मौलूदची म्हणजे पैगंबरजन्माची गाणी, नात म्हणजे त्यांची स्तुतिगीतं, पाळणे, दरूद म्हणजे त्यांच्यासाठीच्या दुआ, हे सगळं त्यांनी गोळा केलं. तुमच्या आजीला ते पुस्तक वाचून दाखवलं असतं तर तिने मान डोलावली असती, अशी माझी खात्री आहे.

हार्वर्डची जागाही कशी निर्माण झाली ते ऐका. अताउल्ला ओझई-दुर्रानी या अफगाण माणसाने अमेरिकेत झटपट शिजणारा ‘मिनिट राइस’ शोधून पैसा मिळवला आणि मृत्युपत्रात मीर आणि गालिब यांच्या अभ्यासासाठी हार्वर्डला देणगी ठेवली. त्या पैशातून भारतीय-इस्लामी संस्कृतीचं अध्यापन सुरू झालं. शिमेलबाई तिथे १९६७ पासून १९९२ पर्यंत होत्या. म्हणजे गोऱ्यांच्या विद्यापीठात उर्दू कवींना बसवलं ते एका अफगाण माणसाच्या तांदळाने. डोळे मिटून, हातात पर्स घट्ट धरून, कागदाचा कपटाही न घेता त्या व्याख्यान देत आणि बरोबर वेळेवर थांबत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. उद्धृतं अरबी, फारसी, तुर्की, उर्दू, सिंधी, सगळी तोंडपाठ.

लाहोरमध्ये कालव्याकाठच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. कवी इक्बालांचं ‘जावेदनामा’ हे फारसी काव्य त्यांनी जर्मन पद्यात आणलं, १९५७ मध्ये. त्यात चंद्रलोकी विश्वामित्र भेटतात आणि स्वर्गात भर्तृहरी. हे दोघे इक्बालांच्या काव्यात आहेत हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

पुणे : १९९५ च्या रश्दी प्रकरणावर तुम्ही मौन का पाळलंत?

मौन नव्हतं, जागा संपली होती. आता लिहिते.

त्या वर्षी जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार शिमेलबाईंना जाहीर झाला. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांनी सलमान रश्दींनी ‘द सटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीतून श्रद्धाळू मुसलमानांच्या भावना फार वाईट रीतीने दुखावल्या असं म्हटलं, आणि मोठ्या पुरुषांना त्या पुस्तकापायी रडताना आपण पाहिलंय असंही सांगितलं. जर्मनीत आग भडकली. अनेक लेखकांनी, प्रकाशकांनी पुरस्कार देऊ नका म्हणून पत्रकं काढली. रश्दींना मारावं या इराणच्या खोमेनींच्या फतव्याला आपला पाठिंबा नाही हे बाईंनी स्पष्ट केलं. पुरस्कार ठरल्याप्रमाणे १५ ऑक्टोबरला फ्रँकफुर्टच्या पाउल्सकिर्श या चर्चमध्ये दिला गेला आणि राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्झोग यांनी गौरवाचं भाषण केलं. बाईंच्या भाषणाचा गाभा कुराणातला दृष्टान्त होता : चांगला शब्द चांगल्या झाडासारखा असतो.

त्यांनी पाहिलेले अश्रू खरे होते, यावर माझा विश्वास आहे. पण फतवा निघाला फेब्रुवारी १९८९ मध्ये. त्याच महिन्यात मुंबईत निदर्शनांवर पोलिसांच्या गोळीबारात १२ माणसं मेली. जुलै १९९१ मध्ये हितोशी इगाराशी यांचा जपानमध्ये त्यांच्याच विद्यापीठात खून झाला. त्यांनी रश्दींची कादंबरी जपानीत आणली होती, आणि ते स्वतः इस्लामचे अभ्यासक होते, इब्न सीनाचं भाषांतर केलेले. शिमेलबाईंच्या बिरादरीतलेच. एवढं घडून गेल्यावर लाखो प्रेक्षकांसमोर पहिलं वाक्य जखमी भावनांविषयीचं निघावं, हे मला तेव्हा सहन झालं नव्हतं आणि आजही होत नाही. वर सोलापूरच्या सरांना स्मिथ यांची कसोटी सांगितली. तिची मर्यादा इथे दिसते. श्रद्धाळू माणसाने ‘हो’ म्हणावं एवढ्याचसाठी लिहिणारा, त्या श्रद्धाळूंमधल्या कुणाच्या हातात सुरा असला तर अडखळतो. शिमेलबाई कविता वाचत होत्या तशाच राजकारणही वाचू गेल्या, त्यातली उत्तम ओळ शोधत. कवितेत ते चालतं.

तरी पुरस्कार काढून घ्या म्हणणाऱ्यांबरोबर मी उभी राहिले नसते. त्यांच्यातल्या अनेकांनी बाईंचं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं अशी माझी समजूत आहे. त्यांच्या कामाशी भांडायचं तर आधी ते वाचावं लागतं.

छत्रपती संभाजीनगर : आमच्या खुलदाबादचा त्यांच्या अभ्यासात काही संबंध?

आहे. १९८० मध्ये भारतीय उपखंडातल्या इस्लामचा इतिहास त्यांनी लिहिला, त्यात दख्खनला मानाची जागा आहे. दौलताबादला राजधानी हलवली त्या धामधुमीत दिल्लीचे सूफी इकडे आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) खुलदाबादला आहेत. निजामुद्दीनांच्या गप्पा लिहून ठेवणारे कवी हसन सिजझीही तिथेच. तुमच्याकडे येणारे पर्यटक औरंगजेबाची कबर बघून परत फिरतात. ती ज्या शेख जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे त्यांचं नावही कुणी विचारत नाही.

खुलदाबादवरचं आजवरचं सर्वांत नीट काम शिमेलबाईंचे हार्वर्डचे विद्यार्थी कार्ल एर्न्स्ट यांनी केलं. १९९२ चं पुस्तक आहे. दर्ग्यांतली फारसी मल्फुजात, म्हणजे संतांच्या बोलण्याच्या नोंदी, त्यांनी वाचल्या आणि सूफींनी तलवारीने दख्खन मुसलमान केलं या दंतकथेला जुन्या कागदांत आधार कितपत आहे ते तपासलं. जुन्या नोंदींत वेगळंच चित्र निघतं. तिकडे विजापूरच्या सूफींवर रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये लिहिलं. त्यात दखनीतली चक्कीनामे आहेत, बायकांनी दळताना म्हणायची. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांनी ही चक्कीनामे शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी फार इच्छा आहे. एकाच मुलखातल्या, एकाच पहाटेच्या बायका त्या.

कराड : सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू? इंग्रजी बेताचं आहे.

‘मिस्टिकल डायमेन्शन्स ऑफ इस्लाम’, १९७५ चं. जाड आहे, पण पहिल्या पानापासून वाचू नका. आधी सातवं प्रकरण, फारसी आणि तुर्की कवितेचं. मग आठवं, आपल्या उपखंडातल्या सूफींचं. त्यानंतर शेवटची दोन परिशिष्टं, एक अक्षरांच्या गूढार्थावर आणि एक सूफी परंपरेतल्या स्त्रियांवर. तेवढं झालं की पहिल्या प्रकरणाकडे या. तोवर नावं ओळखीची झालेली असतील. शब्द अडले तर पानाच्या कडेला पेन्सिलीने खूण करून पुढे जा, आणि खुणा जमल्या की मला कळवा. अडलेल्या शब्दांची उत्तरं या सदरातच देईन.